दुकानात केळी का नसतात?

अमेरिकेतील मिनियापोलिस शहराने 2014 साली आपला एक नियम कडक केला व 2015 पासून तो लागू झाला. कोपऱ्यावरच्या छोट्या किराणा दुकानानेही दूध, अंडी, फळे-भाज्या, कडधान्ये, अख्ख्या धान्याचे पदार्थ ठरावीक प्रमाणात ठेवलेच पाहिजेत, असा हा नियम. हेतू उत्तमच. परंतु मिनेसोटा विद्यापीठाच्या मेलिसा लास्का व सहकाऱ्यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेले त्याचे मूल्यमापन विचारात पाडते. दुकानांतील माल सुधारला खरा. पण असा नियम नसलेल्या शेजारच्या सेंट पॉल शहरातही तो सुधारला होता. गिऱ्हाइकांच्या पिशवीत तर फारसा फरक पडलाच नाही. (सेंट पॉल तुलनेला घेतले नसते तर सारे श्रेय नियमाला गेले असते! तुलनागट कशासाठी, हे वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.)

आमच्या मते नियमाने फळी पाहिली, फळीपर्यंतची वाट पाहिली नाही.

बटाट्याच्या वेफर्सची वाट पाहा. कंपनीची गाडी दारात येते. विक्रेता स्वतः पाकिटे मांडतो, मुदत संपलेली परत नेतो. पाकिटात नायट्रोजन भरलेला, आतल्या पदार्थात पाणी जवळजवळ नाही. त्यामुळे बुरशी वाढत नाही आणि तेल लवकर खवट होत नाही. माल आठवडेच्या आठवडे टिकतो. दुकानदाराचा धोका जवळपास शून्य!

आता केळी. घाऊक बाजारात खोके सुमारे 18 किलोचे. दुकानात खपणार चार-पाच किलो. एवढ्याशा मालासाठी घाऊक व्यापारी गाडी पाठवत नाही. मग दुकानदार स्वतःच्या गाडीने मोठ्या दुकानातून, जवळजवळ किरकोळ भावानेच केळी आणतो व त्यावर आपला नफा चढवतो. केळे तोडल्यावरही श्वसन करत राहते, पिकते, सडते. शीतकपाटात ठेवावे तर 13 अंश सेल्सिअसखाली त्याची साल काळी पडते. शिवाय ते कपाट बहुधा शीतपेयाच्या कंपनीने दिलेले असते, आणि त्यात तिच्याच बाटल्या ठेवायची अट असते. नासलेले केळे परत न्यायला मात्र कोणी येत नाही. अशा वेळी दुकानदाराला अडाणी किंवा लोभी म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते. तो हिशेब बरोबर करतो आहे.

बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जोएल गिटलसन यांच्या गटाने दुकानांबरोबर घाऊक व्यापाऱ्यांनाही प्रयोगात घेतले. ही दिशा आम्हांला अधिक योग्य वाटते.

आपल्याकडे या नियमाची नक्कल करून भागणार नाही. आपला किराणावाला सहसा भाजी विकत नाही; ती मंडईत किंवा हातगाडीवर मिळते. हातगाडीवाला पहाटे बाजारातून माल आणतो आणि न खपलेल्या मेथीचे नुकसान एकटा सोसतो. शाळेच्या फाटकाशी मात्र बहुधा पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळाच लटकत असतात. शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांना तेथे पाठवून तीनच प्रश्न विचारायला सांगावेत: हा माल कोण आणून देतो, किती दिवसांनी, आणि खराब झाला तर पैसे कोणाचे जातात? हेच प्रश्न नंतर जवळच्या पेरूवालीलाही विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाची दोन उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.