मोर्चाला मुकुट कशाला?

दरवर्षी ९ ऑगस्टला मुरबाड आणि शहापूरच्या बाजारपेठांतून जागतिक आदिवासी दिनाची मिरवणूक निघते. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली हा दिवस जाहीर केला. आपल्याकडे आता तो सणासारखा साजरा होतो आणि तसा व्हायलाच हवा. गर्दीबद्दल माझी तक्रार नाही, डीजेबद्दलही नाही. माझा राग आहे तो पिसांच्या मुकुटावर. कधी तो पिवळ्या टी-शर्टवर छापलेला असतो, कधी पट्टीला रंगीत पिसं चिकटवून डोक्यावर चढवलेला, कधी फ्लेक्सवरच्या इच्छुक उमेदवाराच्या मागे काढलेला. हा मुकुट ना ठाकरांचा, ना कातकऱ्यांचा, ना महादेव कोळ्यांचा, ना वारल्यांचा. तो उत्तर अमेरिकेतल्या मैदानी जमातींचा. त्यांच्याकडूनही तो आपल्याकडे सरळ आलेला नाही. तो आला हॉलिवूडच्या काउबॉयपटांतून, आणि त्या सिनेमांत हा मुकुट घालणारा माणूस बहुतेक वेळा गोळी खाऊन पडण्यापुरताच असतो.

चळवळीतल्या माणसांनी काय घालावं हा आपल्याकडे थिल्लर विषय समजला जातो. नाटकाच्या नेपथ्यावर रकाने भरून येतात, मोर्चाच्या नेपथ्याकडे कुणी बघत नाही. वास्तविक रस्त्यावर उतरणाऱ्या माणसाला पहिल्या क्षणापासून ठरवावं लागतं की आपण कसे दिसणार आणि कुणाला. सत्तर-ऐंशीच्या दशकांतला खादीचा कुडता आणि खांद्यावरची शबनम पिशवी यांबद्दल फार बोलायला नको. तो शहरातून गावात गेलेल्या शिक्षित तरुणांचा गणवेश होता आणि गावाने तो कधीच अंगावर घेतला नाही. बॅनरच्या कडेने नाचणारी वारली चित्रातली माणसं आता सरकारी भिंतींपासून साबणाच्या वेष्टनापर्यंत सगळीकडे नाचतात, त्यांच्यात विरोधाचा कण उरलेला नाही.

मुखवट्याचं मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं. इंटरनेटवरच्या सेन्सॉरशिपविरुद्ध २०१२ च्या जूनमध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर तरुण जमले होते, तोंडावर जुन्या ब्रिटिश बंडखोर गाय फॉक्सचा तो हसरा मिशाळ मुखवटा लावून. ॲनॉनिमस या हॅकरांच्या जाळ्याने तो जगभर नेला. अधिकृत मुखवटा विकला गेला की त्याच्या हक्काचे पैसे तो सिनेमात आणणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सला जातात, हे तेव्हाच छापून आलं होतं. आता तोच मुखवटा आणि काळी हुडी, मागे हिरव्या अक्षरांचा पाऊस, अशी चित्रं आपल्या तालुक्यांतल्या पोरांच्या स्टेटसवर दिसतात. शेजारच्या मोखाडा-जव्हारकडे बोहाडा या सोंगांच्या उत्सवातले मुखवटे आहेत. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे तिथे गावाला ठाऊक असतं. मुखवट्याआड कोण आहे ते लपवायचं नसतंच. आणि लपण्याचंच म्हणाल तर ती विद्या मुरबाडला शिकवायला परदेशातून कुणी यायची गरज नाही. १९४२ च्या शेवटच्या महिन्यांत माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांच्या भूमिगत आझाद दस्त्याने मुंबईच्या बाजूला वीज नेणारे मनोरे कापून पाडले. बलाढ्य यंत्रणेची नेमकी नस शोधून ती मूठभर माणसांनी बंद पाडायची, ही आज ज्याला हॅकिंग म्हणतात त्याचीच रीत. त्यांना ना बिल्ला होता ना रंग. रानातल्या माणसांत मिसळून जाता येणं हाच त्यांचा पेहराव. २ जानेवारी १९४३ ला मुरबाडमधल्याच सिद्धगडच्या जंगलात कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. आजही दर २ जानेवारीला तिथे लोक जमतात, हल्ली तिथेही एकाच छापाचे टी-शर्ट वाढू लागले आहेत.

मला ज्याबद्दल मनापासून लिहायचं आहे ते वेगळं आहे. मार्च २०१८ चा किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला, कसारा घाट उतरून शहापूर तालुक्यातून गेला आणि जवळजवळ १८० किलोमीटर चालून मुंबईत पोचला. घाटातल्या लाल टोप्यांच्या रांगेचा वरून घेतलेला फोटो सगळ्यांनी पाहिला. तो सुंदर आहे, पण ते सौंदर्य कॅमेऱ्याने उंचावरून पाहिलेलं आहे. जमिनीवरून पाहिलं तर दोन गोष्टी दिसत होत्या. एक, तळपाय. भेगाळलेले, फोड फुटलेले, चपलेचा अंगठा तुटल्यावर तसेच डांबरावर पडत राहिलेले. दुसरी, डोक्यावर सौर पॅनेल घेऊन चालणारा एक शेतकरी. ऊन डोक्यावर घेत तो चालत होता आणि त्या उन्हावर सोबतच्यांचे मोबाइल चार्ज होत होते. गेल्या कित्येक वर्षांत महाराष्ट्राच्या चळवळीने घडवलेलं याहून चांगलं शिरोभूषण मला माहीत नाही. कुणी डिझाइन केलं नाही, कुणाला शोभून दिसायचं नव्हतं, चालणाऱ्यांचा घराशी संपर्क तुटू नये एवढीच गरज होती. दहावीच्या मुलांचा पेपर चुकू नये म्हणून हीच माणसं सोमय्या मैदानावरून रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालत गेली. अंधारात, जिथे टोपीचा रंगही कुणाला दिसणार नव्हता.

तीच ताकद हंडा मोर्चात आहे. तानसा आणि भातसा दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात, तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, आणि उन्हाळा आला की शहापूरच्या पाड्यांवर टँकर. त्या पाड्यांवरच्या बाया रिकामे हंडे घेऊन पंचायत समितीवर येतात. हंडा जवळून बघा. बुडाला पोचे, काठ विहिरीच्या दगडावर घासून पांढरा पडलेला, आणि स्टीलचा असेल तर पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव: लग्नात कुणी दिला, कुणाला दिला, तारखेसकट. थाप मारली की तो वाजतो, आणि रिकामा आहे म्हणूनच वाजतो. तक्रार, पुरावा आणि वाद्य असं तिन्ही एकाच भांड्यात. साहेबाला घोषणा ऐकू आली नाही तरी नाव वाचता येतं. गाय फॉक्सचा मुखवटा नाव झाकतो, हंडा ते पुढे करतो. धोका पत्करणारं कोण आहे, ते यावरून समजावं.

मुरबाडच्या काळू धरणाविरुद्धचा लढा तर दिसायला अगदीच साधा. कार्यकर्त्या इंदवी तुळपुळे आणि श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेल्या, वनखात्याची मंजुरी नसताना सुरू झालेलं काम उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये थांबवलं. त्या लढ्याचं पोस्टर कुणाच्या लक्षात नाही. लक्षात राहावं असं काही असेल तर ते ग्रामसभांच्या ठरावाचं वहीचं पान, निळ्या-जांभळ्या शाईतले अंगठे ओळीने उमटलेलं. माझ्या लेखी हे पान कलादालनात लावण्याच्या तोडीचं आहे. ते न्यायालयात लागलं हे त्याहून बरं.

मुकुटाच्या बाजूने बोलणारी पोरं मला सांगतात, शाळेत आम्हाला 'कातकरडा' म्हणून हिणवलं, आता छाती काढून चालतो तर तुम्हाला का खुपतं? हा प्रश्न खरा आहे, आणि छाती काढून चालण्याला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. पण हिणवणाऱ्याच्याच डोळ्यातलं चित्र उचलून डोक्यावर का घ्यायचं? त्याला 'आदिवासी' म्हटलं की पिसं आणि भाले दिसतात; तुम्ही त्याला तेच दाखवलं, तो खूश होऊन फोटो काढून गेला. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध याच डोंगररांगांत लढले. त्यांचं नाव टी-शर्टवर घ्या. आजीची फडकी खांद्यावर घ्या. ढोल घ्या, कांबडनाच रस्त्यावर आणा. यातल्या कशालाच परवानगी लागत नाही आणि मुंबईच्या घाऊक बाजारात यातलं काहीच मिळत नाही.

आणि हॅकर व्हायचंच असेल तर व्हा, मी अडवणार नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो. वनहक्काच्या दाव्यातल्या प्लॉटच्या चारी कोपऱ्यांवर उभं राहून मोबाइलच्या जीपीएसवर नोंद घेता येते, जुनी उपग्रह-चित्रं काढून जमीन कधीपासून कसली जाते ते दाखवता येतं. वनहक्काच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबसुद्धा पुरावा धरला जातो, तो फोनवर रेकॉर्ड करून लिहून काढता येतो. तुमच्या आजोबांना हे करता आलं नसतं, तुम्हाला एका दुपारी येईल. २०१८ ला लोक याच जमिनींसाठी चालले, २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा निघालेला मोर्चा मागण्यांवर अंमल होईपर्यंत हलायचं नाही म्हणून वाशिंदच्या मैदानावर बसून राहिला. मिरवणुकीच्या वर्गणीतला निम्मा पैसा मुकुट-टी-शर्टऐवजी झेरॉक्स, नकाशे आणि प्रांत कार्यालयाच्या फेऱ्यांवर लावा, आणि पुढच्या ९ ऑगस्टला पाड्यातल्या किती दाव्यांचा निकाल लागला त्याची यादी फ्लेक्सवर छापा. त्या फ्लेक्ससमोर मी स्वतः नाचेन.