घर गहाण आणि डिस्काउंट कोड

कराड, मलकापूर, विद्यानगर या पट्ट्यातल्या एखाद्या नव्या फिटनेस ट्रेनरचं इन्स्टाग्राम उघडा. मांडणी बहुतेक ठरलेली असते. बायोमध्ये 'ट्रान्सफॉर्मेशन कोच', त्याखाली 'ऑनलाइन प्लॅनसाठी डीएम करा', मग एखाद्या प्रोटीन पावडरचा डिस्काउंट कोड. आणि सगळ्यात वर पिन केलेला तो जोडफोटो: डावीकडे पोट सुटलेला, खांदे पाडून उभा असलेला माणूस, उजवीकडे तोच माणूस, वरून पडणारा उजेड, नुकताच व्यायाम करून फुगवलेले दंड.

हा फोटो मला नेहमी दोन वाक्यांच्या आत्मचरित्रासारखा वाटतो. 'मी असा होतो. मी असा झालो.' मधली सगळी प्रकरणं गाळलेली. किती महिने लागले? काय खाल्लं? काय टोचून घेतलं? कोचच्या हाताखाली आलेल्या किती जणांनी दुसऱ्याच महिन्यात सोडून दिलं, कुणाचा गुडघा गेला? चरित्र म्हणून ही रचना कच्ची आहे, पण जाहिरात म्हणून भलतीच पक्की. कारण गाळलेला मजकूर वाचणारा स्वतःच्या इच्छेने भरून काढतो.

आता इथे 'आजकालची पोरं नुसता शो करतात' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तेवीस-चोवीस वर्षांच्या, जिममध्ये तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या पोराने गप्प बसायचं ठरवलं, तर त्याला विचारणार कोण? आम्ही सॉफ्टवेअरवाले लिंक्डइनवर याहून वेगळं काही करत नाही. तेव्हा स्वतःचा ढोल वाजवावा की नाही, हा प्रश्नच नाही. ढोलाच्या आत काय आहे हे ऐकणाऱ्याला तपासता येतं का, हा प्रश्न आहे.

शरीराची जाहिरात सातारा जिल्ह्याला नवी नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे माझ्या मते आपल्याकडचे पहिले मोठे फिटनेस इन्फ्लुएन्सर. १८९७च्या सुमारास त्यांनी युजीन सँडोची साधनं मागवली आणि दहाएक वर्षं सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला. मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आयुष्यभर त्यांचा प्रचार करत राहिले. पुस्तकं लिहिली, नमस्कार घालतानाचे स्वतःचे फोटो छापले, संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. १९३८ साली, त्यांच्या सत्तरीत, लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंच्या संपादनाखाली 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक लंडनहून निघालं. स्वतःचं शरीर हाच पुरावा, हे सूत्र तेव्हाही होतं. रील तेवढं नव्हतं.

तरी भवानरावांच्या प्रचारात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. आपण आधी सँडोच्या मार्गाने गेलो होतो हे त्यांनी लपवलं नाही. म्हणजे गाळलेलं मधलं प्रकरण त्यांच्याकडे सापडतं. दुसरं, ते विकत होते ती वस्तू फुकट होती. नमस्कार घालायला सतरंजीएवढी जागा पुरते. पण त्यांच्या पुराव्यातली भेगही दिसते. आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. कोड बिघडल्याची तक्रार आली की लिहिणारा म्हणतो, 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' भवानरावांचं मशीन राजवाड्यातलं होतं. पोटभर खाणं, हवी तेवढी झोप, सकाळ आपल्या मालकीची. दिवसभर उसाच्या फडात वाकणाऱ्या माणसाच्या शरीरावर तोच परिणाम तसाच होईल, हे राजाच्या फोटोवरून सिद्ध होत नाही. आणि शाळेतली मुलं नमस्कार घालत होती ती पटलं म्हणून की हुकूम होता म्हणून, हेही फोटो सांगत नाही.

शरीर हा शरीराचा पुरावा असतो, पद्धतीचा नाही. अमेरिकेतल्या 'लिव्हर किंग'ने हे जगाला दाखवून दिलं. कच्चं काळीज खा, आदिमानवासारखं जगा, असं सांगत त्याने लाखो फॉलोअर जमवले. त्याचे ईमेल बाहेर फुटले, तेव्हा डिसेंबर २०२२मध्ये त्याने स्टेरॉइड घेत असल्याचं कबूल केलं. शरीर खरं होतं. त्यामागची गोष्ट खोटी होती.

मग विश्वास ठेवायचा कशावर? उत्तरासाठी कराडपासून फार लांब जायला नको. गोळेश्वर हाकेच्या अंतरावर आहे.

खाशाबा जाधव १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला सहावे आले. १९५२ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजार रुपयांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढचं यायला १९९६ उजाडलं.

ही गोष्ट आपण प्रेरणादायी म्हणून ऐकत आलोय. मला ती पतपुरवठ्याची गोष्ट म्हणून वाचावीशी वाटते. खर्डेकरांनी खाशाबांसाठी दिलेली साक्ष आणि इन्फ्लुएन्सरने प्रोटीनच्या डब्यासाठी दिलेली साक्ष यांत नेमका फरक काय? खर्डेकर आपल्या विद्यार्थ्याला जवळून ओळखत होते, आणि अंदाज चुकला तर घर त्यांचं जाणार होतं. डिस्काउंट कोडचा हिशेब बरोबर उलटा आहे. डबा घेणाऱ्याला फायदा होवो न होवो, कोडवाल्याचं कमिशन पक्कं. खर्डेकरांच्या शब्दाला वजन होतं, कारण तो शब्द त्यांना महागात पडू शकला असता.

तालमीत ही व्यवस्था रोजची होती. पोरगा कुठल्या तालमीचा, कुठल्या वस्तादाचा, हे आधी विचारलं जायचं. पोरगा मैदानात ढिला पडला तर वस्तादाचं नावही खाली यायचं. शिवाय मैदान उघडं. हलगी वाजतेय, गर्दी बसलीय, आणि पाठ मातीला लागली की ती एडिट करता येत नाही. मिलीभगतची कुस्ती असेल तर जाणकार गर्दी 'नुरा' म्हणून ओरडणार. जोडफोटो ही मला एकतर्फी नुरा कुस्ती वाटते. प्रतिस्पर्धी, पंच आणि निकाल सगळे एकाच माणसाच्या हातात. तालीमही काही स्वर्ग नव्हती. तिथे वस्तादाला प्रश्न विचारता येत नसत, आणि मुलींना तर दारच बंद होतं. रीलने ते दार उघडलं, हे तिचं श्रेय नाकारू नये.

खाशाबांच्या गोष्टीचा उत्तरार्धही विसरू नये. 'काम बोलतं' म्हणणाऱ्यांना तो अडचणीचा आहे. १९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले, १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळाने. पद्म किताब मिळालाच नाही. काम बोलतं खरं, पण दिल्लीपर्यंत आवाज जायला कुणीतरी हलगी वाजवावी लागते. म्हणून नव्या ट्रेनरला 'प्रसिद्धीच्या मागे लागू नकोस' हा सल्ला मी देणार नाही.

कायद्याने थोडं काम केलंय. ग्राहक व्यवहार खात्याच्या ऑगस्ट २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, आरोग्यतज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरने आपली पात्रता उघड करायची आहे, आणि बाकीच्यांनी आपला सल्ला डॉक्टरच्या सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट सांगायचं आहे. चांगलंच आहे. पण सर्टिफिकेटवरून माणूस परीक्षा पास झाला एवढं कळतं. मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या बाईला तो पहिल्या दिवशी किती वजन उचलायला लावेल, हे कळत नाही.

ते कळतं त्याने उघड्यावर ठेवलेल्या नोंदींतून. एखाद्या कोचने दहा जणांची यादी टाकली, सहा टिकले, चार सुटले, का सुटले ते लिहिलं. एका पोस्टमध्ये 'हे दुखणं माझ्या आवाक्यातलं नाही, डॉक्टरकडे पाठवलं' असं सांगितलं. कोडवर आपल्याला किती कमिशन मिळतं ते छापलं, तर त्याचे फॉलोअर कदाचित कमी वाढतील. पण जे येतील ते टिकतील. विशेषतः कराडसारख्या गावात, जिथे फसलेला गिऱ्हाईक संध्याकाळी प्रीतिसंगमावर समोरच भेटतो. पुण्या-मुंबईच्या कोचकडे नसलेलं हे भांडवल आहे. गावातला ट्रेनर ते रीलमध्ये झाकून ठेवतो आणि मुंबईच्या कोचसारखा दिसायला बघतो, हीच त्याच्या प्रचारातली खरी चूक.

आणि आपण, पैसे भरणारे? प्लॅन घेण्याआधी बायसेप्सची मापं बघण्याऐवजी एकच प्रश्न डीएम करा: माझं काही बिघडलं, तर तुझं काय जाणार? उत्तरादाखल मोटिव्हेशनचा व्हिडिओ आला, तर पैसे खिशातच ठेवा आणि सकाळी उठून नमस्कार घाला. त्याला कोड लागत नाही.