चुंबकीय नॅनोकणांतील इलेक्ट्रॉन टनेलिंग : एका शोधनिबंधाची समीक्षा

प्रस्तावना
पदवी-वर्गात टनेलिंग शिकविले जाते ते एक इलेक्ट्रॉन व एक विभव-भिंत यांच्या आधारे. पुण्यात हा विषय फळ्यापुरता राहिलेला नाही. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सी. व्ही. धर्माधिकारी यांनी टनेलिंग सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने संशोधन केले. तथापि इलेक्ट्रॉन ज्या कणात शिरतो त्या कणाचे पुढे काय होते, हा प्रश्न अध्यापनात उपेक्षित राहतो. मंदार देशमुख, डॅनियल राल्फ आणि सहकारी यांचा कोबाल्टच्या नॅनोकणांवरील शोधनिबंध (2001) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. कॉर्नेल विद्यापीठात हे काम करणारे देशमुख पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले; 2015 साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

विवेचन
1995 साली राल्फ, ब्लॅक व टिंकहॅम यांनी ॲल्युमिनियमच्या एकेका कणातील सुट्या ऊर्जा-पातळ्या टनेलिंगद्वारे मोजल्या. 'पेटीतील इलेक्ट्रॉन' ही कल्पना तेथे बऱ्याच अंशी पुरेशी ठरली. 1999 साली गेराँ, देशमुख, मायर्स व राल्फ यांनी 1 ते 4 नॅनोमीटर व्यासाच्या कोबाल्ट-कणांवर तोच प्रयोग केला, तेव्हा पातळ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी दाट आढळल्या. चुंबकीय क्षेत्र वाढविताना व घटविताना त्या भिन्न मार्गांनी सरकल्या.

2001 च्या निबंधाचे महत्त्व या कोड्याच्या उकलीत आहे. गेट-विद्युत्‌दाब बदलताच पातळ्यांचे चित्र आमूलाग्र बदलते, असे त्यात दाखविले आहे. एक इलेक्ट्रॉन बाहेर पडताना कणाला स्पिन-उत्तेजित अवस्थेत सोडून जातो. कण शांत होण्यापूर्वीच दुसरा आत येतो. दाट दिसणाऱ्या रेषांत अशा असमतोल अवस्थांचा मोठा वाटा असतो. शिवाय एकाच कणाच्या निरनिराळ्या पुंज-अवस्थांची चुंबकीय विषमदिक् ऊर्जा सारखी नसते, हेही निबंधातून स्पष्ट होते. थोडक्यात, मोजली जाते ती एका इलेक्ट्रॉनची पातळी नव्हे, तर संपूर्ण कणाच्या दोन अवस्थांमधील अंतर.

मर्यादा
कणाची पृष्ठरचना व नेमका आकार या प्रयोगात प्रत्यक्ष पाहता येत नाही. त्यामुळे विषमदिक् ऊर्जेतील फरकाचे मूळ कोणत्या अणूंच्या रचनेत आहे, हे अनुत्तरित राहते. मोजमापे अतिशीत तापमानाची असल्याने त्यांवरून खोलीच्या तापमानातील स्मृती-उपकरणांविषयी अनुमान काढणे घाईचे ठरेल.

निष्कर्ष
सदर निबंध टनेलिंगला परिणाम म्हणून नव्हे, तर तपासणीचे साधन म्हणून वापरतो. परंतु हे साधन तटस्थ नाही, ते तपासल्या जाणाऱ्या कणालाच उत्तेजित करते. केवळ भिंत ओलांडण्याचे गणित शिकलेल्या विद्यार्थ्यास दाट रेषा पाहून 'पातळ्या वाढल्या' एवढेच वाटेल. पदव्युत्तर अध्यापनात ॲल्युमिनियम व कोबाल्ट यांचे प्रयोग शेजारी ठेवून शिकविल्यास एककण-चित्राचे सामर्थ्य आणि त्याची सीमा ही दोन्ही स्पष्ट होतील.