‘क्रिस्तपुराणा’तील ‘वैकुंठ’

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या १६१६ साली राचोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ख्रिस्ती स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द येतो आणि आजचा वाचक थबकतो. विष्णूचे धाम येशूच्या कथेत कसे?

ह्या शब्दाचे अर्थ अनेक. विष्णुसहस्रनामात ते खुद्द विष्णूचे नाव आहे. तेच त्याच्या धामाचेही झाले. मराठीत ‘वैकुंठवासी’ म्हणजे दिवंगत. पुण्यात तर ‘वैकुंठ’ ही स्मशानभूमी आहे. आपल्या मराठी उपासनेत मात्र ‘स्वर्ग’ रूढ झाला.

आमच्या मते स्टीफन्स ह्यांची निवड अधिक नेमकी होती. गीतेच्या नवव्या अध्यायानुसार पुण्य सरताच स्वर्गातून मर्त्यलोकी परतावे लागते. वैकुंठ हा मात्र भक्ताचा अखेरचा विसावा. सार्वकालिक जीवनाची ख्रिस्ती आशा ह्या दुसऱ्या अर्थाच्या अधिक जवळची आहे. शब्दाबरोबर विष्णूची आठवणही येणार, ही जोखीम खरीच. परंतु ती पत्करल्यामुळेच नवख्रिस्ती श्रोत्यांना ही आशा आपल्या ओळखीच्या शब्दात ऐकता आली.

धर्मशिक्षणाच्या वर्गात ‘स्वर्ग’ शिकविताना हा भेदही सांगितला जावा. त्या जुन्या ओव्यांमागचा विचार मुलांना तेव्हाच उमगेल.