डॉ. कमला सोहोनी यांचे संशोधनकार्य : मूल्यमापनाची एक उणीव

प्रास्ताविक :
कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. मानांकन नावाला संरक्षण देते. त्या नावामागील गुण मात्र प्रयोगशाळेत सिद्ध करावा लागतो. त्यामुळे वनस्पती-जैवरसायनशास्त्रातील संशोधन कोणत्या निकषावर वाचावे, हा प्रश्न सातारा-सांगली परिसरात केवळ विद्वत्तेचा राहत नाही. या दृष्टीने डॉ. कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांच्या कार्याचे रूढ मूल्यमापन तपासणे उद्बोधक ठरते.

चरित्र आणि संशोधन :
सोहोनी यांच्यावरील लेखन बहुधा १९३३ मधील प्रसंगाभोवती फिरते. बंगळूरच्या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला आणि त्यांच्या आग्रहानंतर अटी घालून तो दिला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. हा संघर्ष महत्त्वाचा आहेच. परंतु 'पहिली स्त्री' या गौरवाखाली त्यांनी नेमके काय सिद्ध केले, हा प्रश्न झाकला जातो.

'सोहोनी यांनी वनस्पतींत सायटोक्रोमचा शोध लावला' हे विधान याचेच उदाहरण होय. डेव्हिड केलिन यांनी प्राणी, यीस्ट व उच्च वनस्पती यांतील सायटोक्रोमविषयीचा निबंध १९२५ मध्येच प्रसिद्ध केला होता. १९३९ मध्ये रॉबिन हिल आणि कमला भागवत यांनी 'नेचर'मध्ये मांडलेला विषय सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज हा होता. सायटोक्रोम हे श्वसनातील रंगद्रव्य आणि ऑक्सिडेज हे त्याचे ऑक्सिडीकरण करणारे विकर. दोहोंत भेद आहे. वनस्पतीची ऊती वाटताच तिच्यातील फिनॉलयुक्त द्रव्ये काळवंडतात व विकरांना निष्क्रिय करू शकतात. अशा द्रावणात विकराची क्रिया दाखवणे हीच खरी कसोटी होती. दावा अचूक केल्याने सोहोनी यांचे श्रेय कमी होत नाही. उलट ते तपासता येण्याजोगे होते.

दुर्लक्षित भाग :
भारतात परतल्यावर, विशेषतः मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, त्यांनी कडधान्ये, नीरा आणि तांदळाचे पीठ यांवर दीर्घकाळ काम केले. कडधान्यांतील ट्रिप्सिन-रोधक द्रव्ये आणि पावट्यातील, तांबड्या रक्तपेशी एकत्र गोठवणारी प्रथिने यांवरील त्यांचे व सहकाऱ्यांचे निबंध १९५० व १९६० च्या दशकांतील आहेत. ट्रिप्सिन-रोधकामुळे प्रथिनांचे पचन मंदावते; कच्च्या घेवड्यातील रक्तपेशी गोठवणारे प्रथिन उलट्या-जुलाबास कारण ठरते. भिजवून पुरेसे उकळल्यास दोहोंचा प्रभाव बहुतांशी नष्ट होतो. स्वयंपाकघरातील भिजवण्या-शिजवण्याच्या रीतीला यातून शास्त्रीय आधार मिळतो. तरीही चरित्रलेखनात या कार्याला जेमतेम एखादे वाक्य लाभते.

आरे दूध प्रकल्पाला गुणवत्तेबाबत दिलेला सल्ला आणि ग्राहक चळवळीतील सहभाग यांचाही उल्लेख 'समाजसेवा' म्हणून स्वतंत्रपणे होतो. वस्तुतः विकराची क्रिया मोजणे आणि दुधाची प्रत ठरवणे यांमागे एकच शिस्त असते : कोरी चाचणी, ज्ञात प्रमाणाशी तुलना, पुनरावृत्ती आणि प्रामाणिक नोंद. हे नाते न ओळखणे ही रूढ मूल्यमापनाची मुख्य उणीव होय.

स्थानिक संदर्भ :
हळदीचे उदाहरण घेता ही उणीव किती महाग पडते ते कळते. सुमारे ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीवरील प्रकाशशोषण मोजल्यास कुर्क्युमिन व त्याची दोन सजातीय द्रव्ये एकत्रच मोजली जातात. ती वेगळी करण्यास वर्णलेखन पद्धती लागते. नमुन्यातील ओलावा वजा केला की नाही, यावरही टक्केवारी बदलते. पद्धतीचा उल्लेख नसलेला आकडा निबंधात शोभतो, पण त्यावर शेतकऱ्याच्या मालाची प्रत ठरवणे अन्यायाचे होते.

समारोप :
संशोधकाचे कार्य निबंधांच्या संख्येने किंवा 'पहिला' या विशेषणाने मोजणे सोपे आहे. सोहोनी यांचे कार्य त्याहून कठीण निकषाची मागणी करते : काय मोजले, कसे मोजले आणि दुसऱ्याला ते पुन्हा मोजता येईल काय? सातारा-सांगलीतील विद्यार्थ्यांपुढे त्यांचा आदर्श ठेवताना प्रवेशाच्या प्रसंगाबरोबर हे तीन प्रश्नही ठेवले, तरच तो आदर्श प्रयोगशाळेपर्यंत पोहोचेल.