चिंच क्षपणक आहे का?

‘ऑक्सिजन मिळणे म्हणजे ऑक्सिडीभवन, ऑक्सिजन जाणे म्हणजे क्षपण’ ही व्याख्या आम्हांला अपुरी वाटते. पुण्याच्या तांबट आळीत तापवलेले तांबे हवेतील ऑक्सिजनने काळे पडते. येथवर व्याख्या चालते. हा काळा थर चिंचेने निघतो. मग चिंच क्षपणक का? विद्यार्थी ‘हो’ म्हणतात, आणि व्याख्येप्रमाणे ते बरोबरच! आम्लामुळे कॉपर ऑक्साइडमधला ऑक्सिजन पाण्यात जातो खरा, पण तांबे +२ होते ते +२ च राहून विरघळते. तापलेल्या ऑक्साइडवरून हायड्रोजन सोडला तर मात्र तांबे शून्यावर येते, लालसर धातू दिसू लागतो. येथे हायड्रोजन क्षपणक. दोन्ही समीकरणे फळ्यावर शेजारी लिहून इलेक्ट्रॉन कोणी दिले, एवढेच वर्गाला विचारावे.