खापर : एका शब्दाची झाडाझडती

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले, ‘माझ्या आजीला खापरात पाणी मिळायचे.’ मी लाल शाईने ‘खापरात’ खोडून वर ‘भांड्यात’ लिहिले. वही घेताना तो म्हणाला, ‘सर, भांडं असतं तर मी लिहिलंच नसतं.’

हिंगोलीत मराठी शिकवणारा मी, घरातला पहिला पदवीधर. पदवीने जी प्रमाण मराठी दिली तिनेच माझ्या हातून आमच्या आज्यांचे खापर खोडले. म्हणून ही झाडाझडती.

खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. शब्द मुळात हीन नाही. खानदेशात खापरावर मांडे भाजतात, पाहुणे कौतुकाने खातात. हीन ठरला तो त्याचा वापर. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने फुटक्या भांड्यात जेवावे असा दंडक आहे. म्हणजे फुटके भांडे हे केवळ दारिद्र्य नव्हते, तो कायदा होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला, त्यात हा दंडकही होता.

आता ‘खापर फोडणे’ पाहा. जे आधीच फुटलेले, ते पुन्हा काय फोडणार? मडके कोणी फोडले हा प्रश्न या वाक्प्रचारात नाहीच. कोणाच्या माथी, एवढाच आहे. गावात जनावरे दगावली की संशय महार-मांगवाड्यावर, हा त्याचा गावगाड्यातला अर्थ. आणि आज दलित आत्मकथनांविषयी तक्रार होते की, हे लेखक सगळे खापर सवर्णांवर फोडतात. ज्याने दिले त्याला परत करणे म्हणजे फोडणे नव्हे. ते साभार परत करणे आहे.

आमच्या जिल्ह्यातले नर्सी हे परंपरेने नामदेवांचे गाव. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, अशी कथा आहे. मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. कथा सुंदर आहे, पण ती कच्च्या मडक्याची आहे. कच्च्याला आवा मिळतो, गुरू मिळतो. फुटक्याला उकिरडा. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यांचे पूर्वज म्हणजे मूळ टोळ्यांपासून फुटलेली माणसे, असा सिद्धान्त मांडला. आमची कथा तिथून सुरू होते.

पण उकिरड्याचेही एक सामर्थ्य असते. सोने वितळवतात, लाकूड कुजते. भाजलेली माती हजारो वर्षे टिकते. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून ज्या ताम्रपाषाण संस्कृतीला नाव मिळाले, तिच्या लोकांनी एक अक्षर लिहून ठेवले नाही. त्यांची ओळख पटते ती काळ्या नक्षीच्या लाल खापरांवरून. ज्यांचे शिलालेख नाहीत त्यांची साक्ष खापरच देते.

आमच्या आज्यांचेही शिलालेख नाहीत. त्यांचे शब्द आहेत. विद्यार्थ्यांनी ते जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. मी ती वही परत मागवली आणि खोडलेला शब्द त्याच्या जागी पुन्हा लिहिला. शिक्षकांनी आधी एवढे करावे.